कचेरीच्या संगणकातील गूढपुरुष

कंपनीने कर्मचाऱ्याच्या हाती दिलेल्या लॅपटॉपवर, त्याला चाहूलही लागू न देता त्याच्या हालचालींची नोंद ठेवणारी एखादी आज्ञावली बसवलेली आहे काय, याचा शोध घेणे हा गेल्या काही वर्षांत माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील एक महत्त्वाचा, बिनपगारी आणि बहुतांशी कचेरीच्याच वेळात पार पडणारा उद्योग होऊन बसला आहे. २०२० साली टाळेबंदीमुळे हिंजवडीपासून हैदराबादपर्यंतची कार्यालये ओस पडली आणि त्यांतील माणसे आपापल्या घरच्या जेवणाच्या टेबलावर कामाला बसली, तेव्हा व्यवस्थापनशास्त्रापुढे असा पेच उभा राहिला की, जो माणूस दिसत नाही तो काम करतो आहे हे मानायचे कशावरून. आणि या पेचावर उतारा म्हणून ज्या प्रणाली तातडीने विकत घेतल्या गेल्या, त्यांना ‘बॉसवेअर’ हे नाव रूढ झाले. तोच माणूस पूर्वी डोळ्यांसमोर बसलेला असताना तो काम करतो आहे हे कशावरून मानले जात होते, हा उपप्रश्न मात्र अद्याप अभ्यासकांची वाट पाहत आहे.

या प्रणाली ढोबळमानाने चार प्रकारच्या आहेत. पहिली, ‘कीलॉगर’ म्हणजे कळफलकावरची प्रत्येक कळ टिपून ठेवणारी. दुसरी, ठरावीक मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घेणारी. तिसरी, कोणती खिडकी किती वेळ उघडी होती याचा हिशेब ठेवून त्या वेळेची ‘उत्पादक’ आणि ‘अनुत्पादक’ अशी वाटणी करणारी. आणि चौथी, माउस व कळफलक किती वेळ निश्चल होते ते मोजून त्याला ‘आयडल टाइम’, म्हणजे निष्क्रिय काळ, असे ठरवणारी. यांपैकी तिसऱ्या प्रकारची न्यायबुद्धी विशेष अभ्यसनीय आहे. तिच्या लेखी एक्सेल हे बहुधा उत्पादक आणि यूट्यूब हे बहुधा अनुत्पादक असल्यामुळे, एक्सेलमध्ये सोसायटीच्या भिशीचा हिशेब मांडणारा गृहस्थ कर्तव्यदक्ष ठरतो, तर यूट्यूबवर एक्सेलचे एखादे अवघड सूत्र शिकणारी मुलगी कामचुकार ठरते.

अशी प्रणाली आपल्या यंत्रात आहे, ही शंका कर्मचाऱ्याच्या मनात कशी उत्पन्न होते, याची लक्षणे ठरलेली आहेत. लॅपटॉपचा पंखा विनाकारण घरघरू लागणे, बॅटरी दुपारच्या आतच मान टाकणे, कॅमेऱ्याशेजारचा दिवा क्षणभर लुकलुकल्याचा भास होणे आणि नेमका शेअर बाजाराचा आलेख उघडला असतानाच मॅनेजरचा ‘काय, कसं चाललंय?’ असा निरोप येणे, ही चार लक्षणे एकत्र आली की निदान पक्के समजले जाते. वस्तुतः पहिल्या दोन लक्षणांचे कारण बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये एकाच वेळी उघडून ठेवलेली साठ पाने हे असते. परंतु आपल्यावर पाळत ठेवली जाते आहे या कल्पनेत आपण पाळत ठेवण्याच्या लायकीचे आहोत असा एक सुखद अर्थ दडलेला असल्यामुळे साठ पानांचे स्पष्टीकरण सहसा कोणाच्या गळी उतरत नाही.

या विषयाची भारतीय परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांचे, म्हणजे गुप्तहेरांचे, दोन वर्ग सांगितले आहेत: एका जागी ठाण मांडून बसणारे ते ‘संस्था’ आणि हिंडून फिरून बातमी काढणारे ते ‘संचार’. कर्मचाऱ्याच्या यंत्रातच मुक्काम करून कळा मोजणारी आज्ञावली ही संस्था वर्गातली, आणि कंपनीच्या जाळ्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारी व्यवस्था ही संचार वर्गातली, अशी विभागणी आजही निर्वेधपणे करता येते. संस्था वर्गात कौटिल्याने तापसाचा समावेश केला आहे. नगराच्या वेशीवर व्रतस्थ म्हणून बसलेला, लोकांचा विश्वास संपादन केलेला आणि प्रत्यक्षात राजाच्या पगारावर असलेला हा हेर आजच्या संगणकात विषाणूंपासून संरक्षण करणाऱ्या प्रणालीच्या रूपाने नांदतो. तिचे संरक्षणाचे काम खोटे नसते, ती ते निष्ठेने करते. मात्र संरक्षणासाठी यंत्रातील सर्व काही पाहावे लागते, आणि एकदा सर्व काही पाहिले की ते कोणाला सांगायचे हे पगार देणारा ठरवतो.

याच अधिकरणात ‘उपधा’ नावाच्या कसोट्या आहेत, ज्यांमध्ये अमात्याला धर्म, अर्थ, काम आणि भय यांची खोटी आमिषे किंवा धाक दाखवून त्याची निष्ठा पारखली जाते. यांतील अर्थोपधा, म्हणजे पैशाचे आमिष दाखवून घ्यायची परीक्षा, आधुनिक उद्योगांनी जशीच्या तशी उचलली असून ती ‘फिशिंग सिम्युलेशन’ या नावाने घेतली जाते: कंपनीच स्वतःच्या माणसांना फसवे ईमेल पाठवते आणि त्यातील दुव्यावर टिचकी मारणाऱ्यांची यादी करते. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या अमेरिकी कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या सणाच्या बोनसचे असेच पत्र पाठवले, सुमारे ५०० जण त्यात सापडले, आणि त्यांना बोनसऐवजी सुरक्षेचे प्रशिक्षण पुन्हा घेण्याची आज्ञा झाली. बोभाटा झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. कौटिल्याच्या अमात्यांपैकी किती जण अर्थोपधेत नापास झाले याची आकडेवारी उपलब्ध नाही, परंतु त्यांना प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाहून शेवटी दहा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत नव्हती, एवढे निश्चित.

कामाच्या यंत्रात दडलेला हेर शोधून काढण्याचे आजवरचे सर्वांत भव्य उदाहरण संगणकाचे नसून टंकयंत्राचे आहे. १९८४ साली मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीतून बातम्या फुटत असल्याच्या संशयावरून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘गनमॅन’ या नावाने मोहीम काढली आणि वकिलातीतील सुमारे ११ टन विजेची उपकरणे गुपचूप मायदेशी नेली. तेथे क्ष-किरणांखाली तपासताना एका आयबीएम सिलेक्ट्रिक टंकयंत्राच्या स्विचमध्ये एक जादा वेटोळे दिसले, आणि मग एकेक करत अशी १६ यंत्रे सापडली, ज्यांच्या आतील धातूच्या पट्टीत टंकलेखकाने दाबलेले अक्षर ओळखून ते रेडिओलहरींनी बाहेर कळवणारी सोय बसवलेली होती. हे जगातील आद्य कीलॉगर मानले जातात. या प्रकरणातून कर्मचारीवर्गाने घ्यायचा बोध असा की, महासत्तेलासुद्धा छुपी पाळत शोधण्यासाठी यंत्र जागेवरून हलवून स्वतःच्या प्रयोगशाळेत न्यावे लागले. कंपनीचा लॅपटॉप मात्र ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेणे हा कामाच्या करारानुसार स्वतंत्र गुन्हा असतो.

सबब सामान्य शोधकाचा मार्ग ‘टास्क मॅनेजर’पासून सुरू होतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोज प्रणालीत त्या क्षणी चालू असलेल्या सर्व प्रक्रियांची यादी पडद्यावर येते, आणि ती पाहताच शोधकाचा पहिला धीर खचतो, कारण तीत दोनशेच्या आसपास नावे असतात आणि त्यांपैकी त्याच्या ओळखीची चार. ‘सर्व्हिस होस्ट’ हे एकच नाव पन्नास-साठ वेळा दिसते. वास्तविक ती विंडोजच्याच निरनिराळ्या सेवांची यजमान प्रक्रिया असते, आणि २०१७ पासून साडेतीन जीबीहून अधिक स्मृती असलेल्या संगणकांत प्रत्येक सेवेला जवळपास स्वतंत्र यजमान देण्यात आल्यामुळे तिची गर्दी वाढली आहे. पण हे ठाऊक नसलेल्या माणसाला एकाच नावाचे पन्नास जण घरात वावरताना दिसले तर त्याने काय समजावे? पुढे ‘रनटाइम ब्रोकर’ भेटतो, ज्याच्या नावातच दलाली असली तरी तो बिचारा इतर ॲपना परवानग्या आहेत की नाहीत एवढेच तपासत असतो. याउलट खरोखरीच्या पाळत-प्रणाली ‘हेल्पर’, ‘एजंट’, ‘अपडेटर’ अशी सालस नावे धारण करून यादीच्या मध्यावर मुकाट बसलेल्या असतात. संशयाच्या भरात शोधक एकेकावर ‘एंड टास्क’ची आज्ञा बजावू लागतो; विषाणूरोधक प्रणाली त्याला ‘परवानगी नाही’ असे रोखठोक उत्तर देते, आणि तपशिलाच्या यादीतील ‘एक्सप्लोरर’ नावाचा इसम मात्र विनातक्रार मरतो व जाताना पडद्यावरचे सगळे आयकॉन आणि खालची पट्टी बरोबर घेऊन जातो. यापुढचा अर्धा तास शोधकार्य स्थगित राहून पट्टी परत कशी आणावी या प्रश्नावर खर्च होतो.

यापेक्षा सूक्ष्म तपासासाठी उत्तम साधने आहेत, यात वाद नाही. ‘सिसइंटर्नल्स’ या संचातील ‘ऑटोरन्स’ हे साधन संगणक सुरू होताना आपोआप काय काय जागे होते याची सविस्तर वंशावळ मांडते. या संचाचे कर्ते मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये स्वतःच्याच संगणकात, सोनीच्या एका गाण्याच्या सीडीतून शिरलेले ‘रूटकिट’, म्हणजे स्वतःचे अस्तित्व प्रणालीपासूनच लपवणारी आज्ञावली, उघडकीस आणले होते, आणि त्या शोधाने जगभर गदारोळ झाला होता. परंतु रुसिनोविच हे स्वतःच्या संगणकाचे स्वतःच ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ होते. कचेरीच्या लॅपटॉपवर हा अधिकार, ज्याला बोलीत ‘ॲडमिन राइट्स’ म्हणतात, आयटी विभागाकडे असतो. तो हवा असल्यास तक्रार-प्रणालीत रीतसर टिकीट टाकावे लागते, त्यात ‘कारण’ नावाचा रकाना भरावा लागतो आणि मग त्यावर मॅनेजरची मंजुरी घ्यावी लागते. चोर कोण हे शोधण्यासाठी लागणारा कंदील ज्याच्यावर संशय त्याच्याकडूनच, सही करून, आणि कशाला हवा ते लिहून घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. टिकीट तीन दिवसांनी ‘सोडवले’ या शेऱ्यासह बंद होते; अधिकार मिळालेला नसतो.

दरम्यान एक महत्त्वाची गोष्ट घडून गेलेली असते. ‘लॅपटॉपवर पाळत आहे हे कसे ओळखावे’ हा प्रश्न शोधकाने त्याच लॅपटॉपवर, कंपनीच्याच इंटरनेटवरून विचारलेला असतो. पाळत-प्रणाली त्या यंत्रात खरोखर असेल तर तिच्या दृष्टीने महिनाभरातील हा पहिलाच दखलपात्र मजकूर असतो, कारण त्यापूर्वी तिने अपूर्णांकातला पगारवाढीचा दर, आयआरसीटीसीचे तत्काळ तिकीट आणि ‘दुपारी झोप का येते’ एवढेच टिपलेले असते. थोडक्यात, प्रणाली शोधकाला सापडण्याच्या पुष्कळ आधी शोधक प्रणालीला सापडतो.

आता ज्या तपासण्यांना कोणाचीही परवानगी लागत नाही त्यांच्याकडे वळले असता एक विस्मयकारक बाब दिसते: बहुतेक गोष्टी लपवलेल्याच नसतात. क्रोम ब्राउझरचा मेनू उघडला की तळाशी हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली असल्याचे लिहिलेले असते, आणि त्या ओळीवर टिचकी मारली तर संस्था काय काय पाहू शकते याचा तपशीलही मिळतो. ही ओळ कर्मचाऱ्याच्या नजरेखाली असते, फक्त ती वाचण्याचा प्रसंग येत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘वर्क ऑर स्कूल’ या खात्याच्या पानावर यंत्र कोणाच्या आज्ञेत आहे ते नमूद असते. एखाद्या संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये उघडून ते कोणी दिले हे पाहिले, आणि तेथे नेहमीच्या प्रमाणन संस्थेऐवजी स्वतःच्या कंपनीचे किंवा तिच्या सुरक्षा-पुरवठादाराचे नाव आढळले, तर पत्रव्यवहार वाटेत उघडून, तपासून, पुन्हा कंपनीच्या मोहरेने बंद केला जातो आहे, असे निःशंकपणे समजावे. बँका आणि दवाखाने यांची संकेतस्थळे यातून वगळण्याची चाल आहे, पण ती कंपनीच्या सौजन्यावर अवलंबून असते.

ॲपलच्या संगणकांवर तर हा मामला विनोदाच्या पातळीला पोहोचतो. २०१९ पासून तेथे पडदा टिपू पाहणाऱ्या ॲपला स्वतंत्र परवानगी लागते, त्या परवानगीधारकांची यादी सेटिंग्जमध्ये कोणालाही पाहता येते, आणि कंपनीची केंद्रीय व्यवस्थापन-प्रणालीसुद्धा ही परवानगी परस्पर बहाल करू शकत नाही. ती वापरणाऱ्यालाच द्यावी लागते. त्यामुळे अशा यादीत एखादे अनोळखी नाव आढळून ज्या कर्मचाऱ्याच्या पायाखालची वाळू सरकते, त्याने रुजू होण्याच्या दिवशी फोनवरच्या आयटीवाल्याच्या ‘येईल ते सगळं अलाऊ करत जा, सर’ या मार्गदर्शनाखाली त्या नावाला स्वहस्ते प्रवेश दिलेला असतो.

शोध लागला किंवा न लागला, तरी प्रतिकार केला जातोच, आणि त्याची दिशा निष्क्रिय काळ या संकल्पनेने ठरवून दिलेली आहे. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये पाच मिनिटे हालचाल झाली नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. म्हणून ‘माउस जिगलर’ नावाच्या वस्तूला गिऱ्हाईक मिळाले, जी माउसला हिसका, किंवा माउस हलल्याचा आभास संगणकाला, अधूनमधून देत राहते. पोलिसांचे तंत्रज्ञ जप्त केलेला संगणक कुलूपबंद होऊ नये म्हणून जे साधन वापरतात, तेच येथे संगणकाचा धनी झोपी गेल्याचे उघड होऊ नये म्हणून वापरले जाते. यूएसबीला जोडलेला जिगलर संगणकाच्या नोंदीत उमटतो हे कळल्यावर चतुर लोकांनी बिनविजेची पद्धत काढली: प्रकाशावर चालणारा माउस जुन्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर ठेवायचा, म्हणजे खालून सेकंदकाटा फिरला की पडद्यावरचा बाण किंचित सरकतो. आजोबांचे एचएमटी कामावर आणि नातू बिछान्यात, असा हा दोन पिढ्यांचा सहकार आहे. सरकारी कचेऱ्यांत खुर्चीच्या पाठीला छत्री अडकवून ‘साहेब आत्ताच होते’ असा पुरावा मागे ठेवण्याची जी रीत होती, तिचाच हा वारसा. फरक इतकाच की छत्रीला मिनिटागणिक हलावे लागत नसे. २०२४ साली वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनभराहून अधिक जणांना कामावरून काढले, त्यावरून हा पुरावाही आता तपासला जातो असे दिसते.

या दोन्ही बाजूंच्या उद्योगामागचे तत्त्व एकच आहे. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांनी शास्त्रीय व्यवस्थापनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यांच्यासमोर फावड्याने कोळसा ओढणारा मजूर होता. त्याची हालचाल घड्याळ लावून मोजणे म्हणजे बऱ्याच अंशी त्याचे काम मोजणेच होते. विचार करण्यासाठी नेमलेल्या माणसाची गोष्ट निराळी असते, कारण तो खऱ्या अर्थाने कामाला लागतो तेव्हा त्याचे हात बहुधा थांबतात आणि नजर खिडकीबाहेर जाते. प्रणालीला विचार मोजता येत नाही, म्हणून ती हालचाल मोजते. आणि चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलेल्या नियमाचा आशय असा आहे की, जे मोजमाप उद्दिष्ट बनते ते मोजमाप म्हणून निकामी होते. हालचालीला भाव आला की हालचालीचे उत्पादन वाढते. फेब्रुवारी २०२० मध्ये बार्कलेज बँकेने लंडनच्या मुख्यालयात कर्मचाऱ्यांचा जागेवरचा वेळ मोजणारी प्रणाली लावून पाहिली आणि टीकेचा भडिमार होताच ती आवरती घेतली. ती बनवणाऱ्या कंपनीचा जन्म पुण्याचा होता, त्यामुळे दुसऱ्याने वेळ कसा घालवावा याविषयीच्या पुणेरी आस्थेची या निमित्ताने निर्यात झाली असे म्हणता येईल. त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टलाही आपल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मधून व्यक्तींची नावे काढून टाकावी लागली.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला आहे, पण फार घट्ट पकडलेले नाही. बुखारेस्टमधील एका अभियंत्याने कंपनीचे मेसेंजर खाजगी कामासाठी वापरल्याचा साफ इन्कार केला, तेव्हा कंपनीने त्याच्यापुढे भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशी त्याने केलेल्या संभाषणांची ४५ पानी प्रतच ठेवली. या प्रकरणात, म्हणजे ‘बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया’ खटल्यात, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूने कौल दिला आणि पाळतीची पूर्वसूचना महत्त्वाची मानली. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून अशी सूचना लेखी देऊन तिची पोच घेणे मालकांना बंधनकारक आहे. भारतातील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच औद्योगिक हेरगिरीसारख्या नुकसानीपासून मालकाचा बचाव करण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविनाही हाताळण्यास वाव ठेवला आहे. हेरगिरी रोखण्यासाठी ठेवलेली पाळत ही हेरगिरी नव्हे, हे कौटिल्यालाही मान्य झाले असते.

या सर्व विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो की, शोधाची सर्वांत खात्रीची पद्धत संगणकात नसून कागदावर आहे. रुजू होताना प्रत्येक कर्मचाऱ्याने सही केलेल्या ‘स्वीकारार्ह वापर धोरणा’त कंपनी काय पाहू शकते, काय साठवू शकते आणि कोणाला दाखवू शकते, हे बहुधा लिहिलेले असते, आणि खाजगी कामे स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटापॅकवर करावीत, हे व्यवहारी शहाणपणही त्यातूनच मिळते. हे धोरण पंधरा-वीस पानांचे, कायद्याच्या भाषेत लिहिलेले आणि उपकलमांनी गजबजलेले असल्यामुळे त्यातील ‘नियंत्रण व परीक्षण’ हे कलम समजून घ्यायचे तर हात कळफलकावरून काढून, एकाच पानावर दृष्टी खिळवून, निदान सहा-सात मिनिटे शांतपणे बसावे लागते. एवढ्या वेळात ठिपका पिवळा होतो, प्रणाली तो काळ निष्क्रिय म्हणून नोंदवते आणि कर्मचारी घाईघाईने माउस हलवायला धावतो. कलम अर्धवटच राहते.